सनरूफच्या नळीत हवा मारली आणि गळती वाढली. आता नेमकं कुठे शोधायचं?

ओला_गालिचा

गाडी सात वर्षांची, पॅनोरामिक सनरूफ. पुढची काच सरकते, मागची पक्की आहे. जोराच्या पावसानंतर पुढे डाव्या बाजूला पायाशी ओल येते. छताच्या अस्तरावर दिव्याच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा पिवळट डाग पडलाय. आधी पाऊस थांबल्यावर पहिला ब्रेक दाबला की दिव्याच्या कडेतून चार-पाच थेंब पडायचे आणि छतात पाणी हिंदकळल्याचा आवाज यायचा.

काच उघडून पाहिलं तर डाव्या पुढच्या कोपऱ्यात पाणी उभं होतं. तिथल्या भोकात टायरच्या कंप्रेसरने हवा मारली. आता पाणी उभं राहत नाही, दिव्यातून थेंबही पडत नाहीत, पण पायाशी ओल आधीपेक्षा जास्त. काचेभोवतीचं रबरी बीडिंग हाताला मऊ लागतं, कुठे फाटलेलं नाही. अस्तर उतरवायची वेळ आलीय का, की आधी आणखी काही तपासू?

पन्हळ

उत्तर अर्धं तुमच्याच वर्णनात आहे. थेंब थांबले आणि पायाशी ओल वाढली, याचा अर्थ काचेखालची पाणी धरणारी पन्हळ रिकामी होतेय, पण पाणी गाडीबाहेर न जाता अस्तराच्या आत सुटतंय. डाव्या पुढच्या नळीचं वरचं टोक निपलवरून, म्हणजे नळी जिच्यावर चढवतात त्या पन्हळीच्या तोटीवरून, निसटलं असावं. मात्र नुसत्या अंदाजावर अस्तराला हात लावू नका, आधी मोजा.

रचना एकदा डोळ्यासमोर आणा. बीडिंगचं काम पाणी पूर्ण अडवायचं, असा समज असतो. तसं ते नवीन गाडीतही अडवत नाही. मोठा लोंढा बाहेर थोपवायचा एवढंच त्याचं काम. कडेने झिरपलेलं पाणी काचेखालच्या चौकटीत कोरलेल्या पन्हळीत पडतं आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्यांवाटे खाली जातं. कौलारू घराच्या वळचणीला पन्हळ असते, तोच प्रकार. पुढच्या दोन नळ्या ए-पिलरमधून, म्हणजे विंडशील्डच्या बाजूच्या खांबातून, उतरतात आणि गाडीगणिक दाराच्या बिजागरीजवळ, फेंडरच्या आत किंवा वायपरखालच्या पोकळीच्या टोकाला उघडतात. मागच्या दोन सी-पिलर किंवा डी-पिलरमधून, म्हणजे छताच्या मागच्या खांबांतून, जाऊन मागच्या चाकाच्या कमानीजवळ नाहीतर बंपरच्या आत सुटतात. खालच्या टोकाला बहुतेक वेळा रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारं बूच, असतं, त्याला एक चीर किंवा बदकाच्या चोचीसारखं तोंड. पाणी बाहेर जाऊ द्यायचं, धूळ नि किडे आत येऊ द्यायचे नाहीत, यासाठी ते तोंड मिटलेलं ठेवतात. मातीचा गाळ येऊन बसतो तो नेमका तिथेच. वरचं भोक स्वच्छ दिसतं म्हणून नळी मोकळी आहे, असं धरून चालू नका.

आता मोजणी. गाडी सपाट जागी उभी करा, काच पूर्ण उघडा. ६० मिलीची बिनसुईची सिरिंज किंवा निमुळत्या तोंडाची दाबायची बाटली घ्या. डाव्या कोपऱ्यात २०० मिली साधं पाणी सोडा, पन्हळीचा काठ ओलांडणार नाही इतक्या सावकाश. पाणी जिथून बाहेर पडायला हवं तिथे खाली पसरट ट्रे ठेवा. आत ए-पिलरच्या पायथ्याशी, डॅशबोर्डच्या कडेच्या फटीत आणि गालिच्याच्या कोपऱ्याखाली कोरडा टिश्यू पेपर कोंबून ठेवा. मग हेच सगळं उजव्या बाजूला करा. ती बाजू धड आहे, तेव्हा तीच तुमची मोजपट्टी.

पाणी कोपऱ्यात उभं राहिलं तर नळी किंवा ग्रोमेट तुंबलेलं आहे. भराभर उतरलं पण ट्रेमध्ये जेमतेम आलं आणि टिश्यू भिजला, तर नळी निसटली किंवा फाटली. २०० पैकी १८०-१९० मिली ट्रेमध्ये आलं आणि टिश्यू कोरडे राहिले, तर ती नळी निर्दोष समजा. थोडं पाणी पन्हळीला आणि नळीच्या भिंतींना चिकटून राहतंच. पाण्यात खाण्याचा रंग घालायची युक्ती बरेच जण सांगतात. करू नका. गळती सापडेल, पण अस्तरावरचा डाग कायमचा होईल.

टी_पंचवीस

कंप्रेसरने काय झालं असेल ते सांगतो, कारण ही चूक हमखास होते. नळी निपलवर बऱ्याच गाड्यांत नुसती खुपसलेली असते, क्लिपसुद्धा नसते. खाली ग्रोमेट गाळाने मिटलेलं. वरून दोन-अडीच बारची हवा आत गेली की तिला खाली वाट मिळत नाही, मग सगळा जोर वरच्या सांध्यावर येतो. ‘फट्’ असा आवाज होतो आणि माणसाला वाटतं बोळा सुटला. सुटलेली असते नळी. त्यानंतर पन्हळ झकास रिकामी होते, पाणी थेट ए-पिलरच्या आतून पायाशी.

साफ करायची रीत खालून सुरू होते. बाहेर पडायची जागा शोधा. फेंडरच्या आत असेल तर चाक त्या दिशेला पूर्ण वळवून प्लास्टिकच्या आवरणाचे दोन-तीन स्क्रू किंवा क्लिपा काढाव्या लागतात. ग्रोमेटची चोच दोन बोटांच्या चिमटीत धरून चुरडा. काळा गाळ आणि पानांचा चुरा पडायला लागतो, पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं.

मग वरची पन्हळ. तिथला कचरा कोरडा असतानाच ब्रश आणि व्हॅक्यूमने उचला. आधी पाणी ओतलं तर त्याचा राडा होतो आणि तोच नळीत जाऊन बसतो. पुढच्या वाऱ्याच्या जाळीच्या मुळाशी पाहायला विसरू नका; पराग, बारीक बिया आणि जुनं ग्रीस यांचा नमदा तिथे साचलेला असतो.

नळीत घालायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घ्या, २ मिमी जाडीची. टोक लायटरने वितळवून गोल मणी करा, म्हणजे नळीच्या वळणावर टोचणार नाही. पुढच्या नळीला २ मीटर पुरते, मागच्यांना ३ मीटर किंवा त्याहून थोडी जास्त लागते. बोटांत गोल फिरवत, न रेटता आत सोडा. अडली तर दोन सेंटीमीटर मागे घ्या, फिरवा, पुन्हा सोडा. लोखंडी तार आणि सायकलची ब्रेक केबल दोन्ही वर्ज्य. केबलचं टोक उसवतं आणि नळीला आतून भोक पाडतं, मग नवा शोध सुरू. दोरी ग्रोमेटला टेकली की थांबा, नाहीतर ग्रोमेट निखळून फेंडरच्या पोकळीत पडतं.

शेवटी खालच्या तोंडाला ओलं ओढणारा व्हॅक्यूम लावून खेचा आणि वरून १०० मिली कोमट पाणी सोडा, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून. त्यामागून साधं पाणी. हवा वापरायचीच असेल तर ग्रोमेट काढून, खालून वर, १ बारच्या आत, आणि वर भोकाशी फडकं धरून.

पन्हळ

सात वर्षांच्या नळीत मी १ बारसुद्धा सुचवणार नाही. रबर किंवा प्लास्टिक कडक झालेलं असतं, निपलवर पकड उरलेली नसते. खालून मारली तरी सांधा वरचाच सुटतो. व्हॅक्यूमने ओढताना नळी उलट निपलवर घट्ट बसते, हा फरक लक्षात घ्या.

टी_पंचवीस

मान्य. नव्या गाडीपुरतंच म्हणू या.

जाळीखाली

सनरूफ असलं की पायाशी आलेल्या प्रत्येक थेंबाचं खापर त्याच्यावर फुटतं. अस्तराला हात लावायच्या आधी बाकीचे संशयित बाद करा.

कोरड्या दिवशी एसी तासभर चालवल्यावर ओल आली, पाणी नितळ आणि बिनवासाचं असेल, तर एसीची निचरा नळी तुंबलीय. बोटाला चिकट-बुळबुळीत, गोडसर वासाचं, रंगीत पाणी आणि काचेवर आतून तेलकट धुकं दिसलं, तर हीटरच्या कोअरमधून कूलंट गळतोय. पाणी फक्त दाराच्या उंबरठ्याशी असेल तर दाराच्या आतल्या पॅनलमागचा प्लास्टिक पडदा सुटलेला असतो. वायपरखालच्या पोकळीत पानं साचून पाणी तुंबलं तर ते केबिनच्या हवेच्या तोंडातून आत येतं, तेही नेमकं पुढे पायाशीच. याखेरीज विंडशील्डचा चिकटपट्टा, छतावरच्या रेलिंगचे बोल्ट, अँटेनाचं रबर. डाग मागच्या बाजूला असता तर वरचा तिसरा ब्रेक लाइट आणि टेल लाइटचं गॅस्केट हेही बघायला सांगितलं असतं.

बागेची नळी तोटीशिवाय, मंद धारेने, खालून वर या क्रमाने लावा. आधी वायपरखाली, मग विंडशील्डच्या कडा, मग तिचा वरचा काठ, मग रेलिंग आणि सनरूफ सगळ्यात शेवटी. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, आत एक जण टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि काहीच सिद्ध होत नाही.

ओला_गालिचा

सांगितल्याप्रमाणे मोजलं. डावीकडे २०० मिली टाकले, ट्रेमध्ये ३० मिलीही आले नाहीत. ए-पिलरच्या पायथ्याचा टिश्यू अर्ध्या मिनिटात चिंब. उजवीकडे २०० पैकी १८५ आले, टिश्यू कोरडे. एसी चालवून ओल नाही. वायपरखाली आणि विंडशील्डच्या कडांना नळी धरली, तेव्हाही आत कोरडं.

दोन शंका. अस्तर पूर्ण काढावं लागेल का? आणि तोवर काचेभोवती सिलिकॉन सीलंट मारून ठेवलं तर चालेल का?

पन्हळ

दुसऱ्याचं उत्तर आधी: मुळीच नको. सरकणारी काच सिलिकॉनने चिकटली की पुढच्या वेळी बटण दाबताच बीडिंग फाटेल किंवा मोटरची केबल ताणेल. आंबट वासाचं जे सिलिकॉन मिळतं त्यातून सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटतं, ते उघड्या धातूला गंज आणतं. शिवाय त्याचा मागमूस उरला तर तिथे पुढे दुसरं काहीच नीट धरत नाही. तोवरचा उपाय साधा आहे: गाडीवर कव्हर घाला. तेही जमलं नाही तर गाडीचं नाक चढावर येईल अशी उभी करा, म्हणजे पन्हळीतलं पाणी मागच्या नळ्यांकडे वळेल. मागच्या दोन्ही नळ्या मोकळ्या असल्याची आधी २०० मिलीची परीक्षा घ्या, नाहीतर ओल पुढून मागे नेल्यासारखं होईल.

३० मिली बाहेर आले म्हणजे नळी निपलला अजून टेकून आहे, पूर्ण खाली पडलेली नाही. तेव्हा अस्तर पूर्ण काढायची गरज नाही, डावा पुढचा कोपरा थोडा खाली आला तरी पुरे.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि निदान दहा मिनिटं थांबा. ए-पिलर आणि छताच्या कडेने पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग गेलेली असते, म्हणून हे वगळायचं नाही. दाराचं रबर वरच्या अर्ध्या भागातून ओढून सोडवा. ए-पिलरचं आवरण वरून गाडीच्या आतल्या दिशेने, म्हणजे स्वतःकडे ओढा. ते थोडं सुटून अडकेल, कारण एअरबॅग फुटताना आवरण उडू नये म्हणून क्लिपला एक पट्टी असते. ती चिमट्याने फिरवून सोडवावी लागते. बऱ्याच गाड्यांत ही क्लिप एकदाच वापरायची असते, आधीच नवी आणून ठेवा. जुनीच दाबून बसवू नका. मग सनवायझर, वरची मूठ आणि छताचा दिवा. अस्तराचा कोपरा १०-१५ सेंटीमीटर खाली घ्या आणि खाली उशी किंवा दुसऱ्याचा हात धरा. अस्तर दाबलेल्या फायबरचं असतं, एकदा मोडलं की घडी दिसतच राहते.

आत टॉर्च मारा. घडी घातलेली एअरबॅगची लांब वळकटी दिसेल, तिला हत्यार लावायचं नाही, ओढायचं नाही, तिच्यावर काही बांधायचं नाही. नळी तिच्या ज्या बाजूने गेली होती त्याच बाजूने परत जायला हवी.

नळीचं टोक नीट बघा. निसटलेलं टोक बहुधा कर्ण्यासारखं पसरलेलं आणि कडक असतं, ते तसंच परत दाबलं तर महिन्याभरात पुन्हा सुटेल. लांबी पुरत असेल तर १० मिमी कापून ताजं टोक घ्या. वर्षानुवर्षं उन्हात तापून नळी आखडते, त्यामुळे बऱ्याचदा कापायला लांबी उरलेलीच नसते. ताणून बसवायच्या फंदात पडू नका, ताण म्हणजे पुढच्या निसटण्याची तयारी. अशा वेळी पूर्ण नळी बदला, किंवा ए-पिलरच्या सरळ उभ्या भागात जोड देऊन वरचा तुकडा नवा टाका. वळणावर जोड नको. जोडाचा आतला व्यास नळीपेक्षा बराच कमी असेल तर कचरा तिथेच अडेल, म्हणून कॅलिपरने मोजून घ्या.

निपलला आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. चढायला सोपं जावं म्हणून साबण किंवा ग्रीस लावणं इथे घातक आहे, जे चढताना घसरतं ते नंतरही घसरतं. त्याऐवजी नळीचं टोक गरम पाण्यात मिनिटभर धरा, मऊ होईल. १५-२० मिमी, निपलच्या खांद्याला टेकेपर्यंत चढवा. आणि बोट फिरवून निपल स्वतः चिरलेला नाही ना ते पाहा. प्लास्टिकच्या चौकटीत कोपऱ्याला किंवा निपलच्या मुळाशी केसासारखी चीर असते, ती दिसत नाही, नखाला लागते.

नळीला वरपासून खालपर्यंत सतत उतार हवा. मधे झोळ पडला की तिथे पाणी थांबतं, पाण्यासोबत गाळ.

अस्तर परत लावायच्या आधी, ते खाली असतानाच २०० मिलीची परीक्षा पुन्हा घ्या. त्यानंतर एक लीटर, थोडं थोडं करत. सांध्याला टिश्यू गुंडाळून. इथे घाई करणारे लोक क्लिपा दोनदा विकत घेतात.

टी_पंचवीस

एक भर. सांध्यावर झिप टाय बांधायची पद्धत आहे, पण उन्हात तापलेल्या छताखाली मऊ नळी टायखाली चेपते आणि काही दिवसांनी टाय सैल पडतो. तारेची स्प्रिंग क्लिप बसवा, नळी आकसली तरी ती पकड सोडत नाही. टायच वापरायचा तर हाताने ओढा, पकडीने नाही.

ग्रोमेटचं: काही जण ते काढूनच टाकतात, ‘तुंबायलाच नको’ म्हणून. मग नळी हा मुंग्यांचा आणि कुंभारमाशीचा हमरस्ता होतो. कुंभारमाशीचं मातीचं घर सुकल्यावर नायलॉन दोरीला दाद देत नाही, साबणाच्या पाण्यात भिजवत बसावं लागतं. शिवाय चाकाने उडवलेला चिखल सरळ नळीत. ग्रोमेट कडक झालं असेल तर नवं लावा. चोच असलेल्या ग्रोमेटचं टोक ३-४ मिमी छाटणं हा मधला मार्ग, गाळ सहज बाहेर पडतो आणि किड्यांना मोठं दार मिळत नाही.

फेंडरचं किंवा पत्र्याचं काम झालेलं असेल, खालून गंजरोधक कोटिंग मारलेलं असेल, तर बाहेरच्या तोंडावर कोटिंगचा थर बसलाय का ते पाहा. कारागीर झाकायला विसरतात. विंडशील्ड बदलताना आवरण परत बसवलं आणि नळी मधे चिमटली, हेही नेहमीचंच.

काच_पातळी

नळी हा मूळ दोष आहे हे उघड आहे, तरी हात लागलाच आहे तर काचेची उंची पाहून घ्या. काच खाली बसलेली असेल तर पन्हळीत गरजेपेक्षा खूप जास्त पाणी येतं आणि धड नळ्याही कमी पडतात.

साधारण नियम असा: पुढचा काठ छताच्या पातळीत किंवा १ मिमीपर्यंत खाली, मागचा काठ पातळीत किंवा १ मिमीपर्यंत वर. उलट असेल तर वारा पुढच्या काठावर आदळतो, शीळही वाजते आणि पाणीही ढकललं जातं. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी बीडिंगवर ठेवून काच बंद करा आणि पट्टी ओढा. सगळ्या बाजूंनी सारखा, हलका विरोध जाणवायला हवा. एका कोपऱ्यात पट्टी लोण्यातून निघाल्यासारखी निघाली तर तो कोपरा खाली आहे. काचेच्या दोन्ही बाजूंना आतून टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीच्या खाचेचे, स्क्रू असतात, बऱ्याच गाड्यांत टी-२५. ते अर्धा फेरा सैल करा, काढू नका. काच बोटाने हव्या उंचीला आणा, आधी पुढचे आणि मग मागचे कसा. प्लास्टिकच्या पायात बसलेले असतात, दांडग्या हाताने पिळले तर पाय फुटतो. किती जोराने कसायचे तो टॉर्क मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

पक्क्या मागच्या काचेला हे लागू नाही. ती चिकटवलेली असते, तिचा चिकटपट्टा सुटला तर काच काढून पॉलियुरेथेनने परत बसवणं हाच इलाज, आणि ते घरचं काम नाही.

ओला_गालिचा

कोपरा उतरवला. नळी निपलच्या टोकाला तिरकी लटकत होती, टोक कर्ण्यासारखं पसरलेलं. सरळ धरली तर खांद्यापासून १२ मिमी कमी पडतेय. पूर्ण नळी बदलली, स्प्रिंग क्लिप लावली, ग्रोमेट नवं. २०० पैकी १९० मिली बाहेर, एक लीटरलाही टिश्यू कोरडा. निपलला चीर नाही. काचेचा डावा पुढचा कोपरा २ मिमी खाली होता, तो वर घेतला.

गालिचा वरून सुकलाय, पण टाच दाबली की खाली ‘चपक’ असा आवाज येतो. कुबट वास आहेच.

कोरडा_ठाक

वरून सुकलेला गालिचा फसवा असतो. खाली दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा फोम किंवा नमद्याचा थर आहे, तो लिटरांनी पाणी धरून ठेवतो. वरचा गालिचा वाळतो आणि झाकण होऊन बसतो. नुसत्या खिडक्या उघड्या ठेवून आठवडे गेले तरी तो थर सुकणार नाही. बुरशी मात्र दोन दिवसांतच धरायला लागते.

उंबरठ्याची पट्टी काढा, पायाजवळचं बाजूचं आवरण काढा आणि गालिचा मधल्या कन्सोलकडे दुमडा. जमत नसेल तर सीट काढावी लागते, चार बोल्ट असतात. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे. बॅटरी सोडून दहा मिनिटं झाल्याशिवाय ते काढू नका, आणि ते सुटलेले असताना चावी फिरवू नका. फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो बहुधा स्कॅनरनेच विझतो.

ओलं ओढणारा व्हॅक्यूम फोमवर दाबून, एकाच जागी दहा-पंधरा सेकंद धरून ओढा. झाडल्यासारखा फिरवला तर वरवरचंच निघतं. मग गालिचा आणि पत्रा यांच्यामध्ये लाकडाचे ठोकळे ठेवून फट करा, त्या फटीत पंखा सोडा. दोन ते चार दिवस धरून चला. बंद गाडीत डिह्युमिडिफायर ठेवणं सगळ्यात परिणामकारक; पंखा आणि उघड्या खिडक्या दमट हवेत फारसं काही करत नाहीत. हीट गन वापरू नका, गालिच्यामागचा डांबरी थर वितळतो.

फोम उचलल्यावर त्याखाली हात घाला. वायरिंगचा जुडगा आणि काही गाड्यांत एखादं कंट्रोल युनिट तिथेच जमिनीलगत असतं. कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट पावडर दिसते का पाहा. दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने घासा, सुकू द्या, मग जोडा. पुढे दोन-तीन महिन्यांनी खिडकी अधूनमधून चालेनाशी झाली किंवा भलताच इशारा-दिवा लागला, तर कारण इथे असतं आणि शोध इंजिनात चालतो.

वासासाठी सुगंधी फवारे नकोत. फोम पूर्ण सुकल्यावर एन्झाइमवाला क्लीनर, आणि एसीचा केबिन फिल्टर बदला. अस्तरावरचा डाग अगदी शेवटी घ्या: मायक्रोफायबर फडकं क्लीनरने जेमतेम ओलं करून नुसतं टिपा, आणि डागापुरतं नाही, शिवणीपासून शिवणीपर्यंतचा सगळा पट्टा. घासलंत किंवा भिजवलंत तर कापड फोमपासून सुटून लोंबायला लागतं.

पन्हळ

यापुढची देखभाल मोजकी आहे. वर्षातून दोनदा, एकदा पावसाच्या आधी आणि एकदा पानगळीनंतर, पन्हळ कोरडी झाडा, ग्रोमेट चुरडा आणि चारही कोपऱ्यांत १०० मिली सोडून बाहेर येतं का पाहा. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर दर तीन महिन्यांनी. बीडिंग साबणाच्या पाण्याने पुसून सिलिकॉनचं रबर ग्रीस बोटाने पातळ फिरवा. व्हॅसलीन किंवा डब्ल्यूडी-४० नाही. बीडिंग बहुधा ईपीडीएम रबराचं असतं आणि पेट्रोलियमने ते फुगतं. बीडिंगवर मखमलीसारखी लव असेल तर तिथे ग्रीसही नको. रुळांना वेगळं ग्रीस लागतं, तेही अगदी पुसट. जास्त झालं की धूळ धरतं आणि तीच धूळ घसरत नळीच्या तोंडाशी येते.

प्रेशर वॉशरची धार काचेच्या कडेवर तिरकी मारायची नाही, बीडिंगची ओठासारखी कड उलटते. आणि पाऊस थांबल्या थांबल्या काच सरकवू नका. काचेवर साचलेलं पाणी मागे ओघळून थेट अस्तराच्या काठावर पडतं, मग लोक नळ्या तपासत बसतात.

ओला_गालिचा

गालिचा तिसऱ्या दिवशी सुकला, पिना स्वच्छ होत्या. उजवा कोपराही खाली घेऊन पाहिला. नळी निपलवर जागच्या जागी होती, परीक्षेतही पास झालेली. दोन बोटांनी हलकी ओढली आणि ती सरळ हातात आली. टोक तसंच कर्ण्यासारखं. दुसरी नळी आणि आणखी एक स्प्रिंग क्लिप मागवलीय.